मार्कंड्याच्या जत्रेपासून लंडनच्या पुलापर्यंत

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आयोजकांनी मला विषय दिला, ‘परदेश प्रवासातील अनुभव’. त्यांना वाटलं असेल, मी आयफेल टॉवर आणि ट्यूलिपच्या बागांबद्दल बोलेन. पण गेल्या वर्षभरात आपल्या ग्रुपवर आठ-दहा जणांनी पासपोर्ट काढल्याची बातमी टाकली. कोणी मुलाकडे जर्मनीला निघालंय, कोणी थायलंडच्या सहलीचे पैसे भरलेत. म्हणून टॉवरबद्दल न बोलता टॉवरखाली काय चालतं ते सांगतो.

सुरुवात मात्र मार्कंड्यापासून करतो. आठवीत असताना, १९८१ च्या महाशिवरात्रीला आपली सहल मार्कंड्याच्या जत्रेला गेली होती. गडचिरोली जिल्हा तेव्हा व्हायचा होता. तो झाला २६ ऑगस्ट १९८२ ला. वैनगंगेच्या काठावर एका चादरीवर तीन पत्ते पालथे टाकून एक माणूस बसला होता. ‘राणी ओळखा, दुप्पट घ्या.’ माझ्यासमोर एकाने राणी ओळखली, दोनाचे चार घेऊन गेला. मलाही राणी स्पष्ट दिसत होती. आईने दिलेले पाच रुपये मी लावले आणि गेले. परत येताना एसटीत सरांनी माझा चेहरा पाहून विचारलं, ‘काहून रे, काय झालं?’ मी म्हटलं, ‘पोट दुखते.’ सर, आज कबूल करतो, पोट दुखत नव्हतं.

पुढे छत्तीस वर्षांनी, २०१७ साली, लंडनच्या वेस्टमिन्स्टर पुलावर उभा होतो. समोर बिग बेन. आणि पुलावर चटई टाकून एक माणूस तीन वाट्या फिरवत होता, गोळी कोणत्या वाटीखाली ते ओळखा. भोवती सात-आठ माणसं. एक जण जिंकला, नोटा उंचावून ओरडला. मला हसू आलं. तो जिंकणारा मी ओळखला! तो मार्कंड्याला चादरीजवळ उभा होता तोच. म्हणजे माणूस वेगळा, नोकरी तीच. भोवतीच्या घोळक्यातले निम्मेअधिक त्यांचेच असतात. एक जिंकतो, एक हरतो, एक पोलिसांवर नजर ठेवतो. खेळणारा खरा गिऱ्हाईक एकटाच असतो, आणि तो पर्यटक असतो.

तिथे मी वाचलो, म्हणून स्वतःला फार हुशार समजू लागलो. पुढच्याच वर्षी बँकॉकला त्याची फी भरली. मी आणि सौ. ग्रँड पॅलेसकडे पायी चाललो होतो. इस्त्रीचा शर्ट घातलेला, गळ्यात ओळखपत्र लटकवलेला एक गृहस्थ समोर आला. हात जोडून नमस्कार केला. म्हणाला, ‘आज भिक्षूंचा विधी आहे, राजवाडा दुपारपर्यंत बंद. तोवर एक सुंदर बुद्धमंदिर पाहून या. माझ्या ओळखीचा टुकटुकवाला फक्त वीस बाटमध्ये फिरवेल.’ मंदिर खरंच सुंदर होतं. तिथे बसलेला दुसरा गृहस्थ सहज बोलता बोलता म्हणाला, ‘आज सरकारी सवलतीचा शेवटचा दिवस, नीलम स्वस्त मिळतो.’ टुकटुकवाला आपणहून त्या दुकानापाशी थांबला. लेकीचं लग्न ठरलं होतं. मी अठरा हजार बाटची अंगठी घेतली, म्हणजे आपले अडतीस हजार रुपये. नागपूरला सराफाने खडा पाहिला आणि म्हणाला, ‘खडा आहे खरा, पण दोन-अडीच हजारांचा.’ राजवाडा त्या दिवशी उघडाच होता. त्याला आठवड्याची ठरलेली सुट्टी नसतेच.

पण माझी खरी चूक ती नव्हती. मी ही गोष्ट कोणाला सांगितली नाही. मुलांना नाही, भावाला नाही. अंगठी लेकीला दिली आणि गप्प बसलो. पुढच्या वर्षी आपल्याच वर्गातला माझा एक मित्र बँकॉकला निघाला. इथेच बसलाय, त्याच्या परवानगीने सांगतोय. त्याने फोन करून विचारलं, ‘काय काय पाहायचं?’ मी त्याला राजवाडा सांगितला, नदीवरची बोट सांगितली, जेवण कुठे मिळतं ते सांगितलं. तेवढं एक सांगितलं नाही. लाज वाटली. त्यालाही इस्त्रीच्या शर्टातला गृहस्थ भेटला. त्याचे बेचाळीस हजार गेले, आणि त्यानेही कोणाला सांगितलं नाही. दोन वर्षांनी एका लग्नात आमच्या बायकांनी एकमेकींच्या घरातल्या अंगठ्यांचा विषय काढला तेव्हा आम्ही दोघं मांडवाबाहेर जाऊन उभे राहिलो. माझे अडतीस हजार त्या माणसाने नेले. मित्राचे बेचाळीस माझ्या गप्प राहण्याने गेले. म्हणून आज इथे उभा आहे.

आता कामाचं बोलतो. पॅरिसमध्ये नदीकाठी कोणी तुमच्या पायाजवळून सोन्याची अंगठी उचलेल आणि ‘तुमची का?’ विचारेल. ती पितळेची असते, आणि घेतली की पैसे मागतात. माँमार्त्रच्या टेकडीवर पायऱ्यांपाशी हाताला रंगीत दोरा बांधतात. गाठ पक्की बसली की किंमत सांगतात. मुली कागद पुढे करून सही मागतात, मूकबधिरांसाठी म्हणून. तुम्ही सही करता तेवढ्यात दुसरी पर्स उघडते. बार्सिलोनात अंगावर काहीतरी घाण उडते आणि पुसून द्यायला भला माणूस लगेच हजर होतो. इस्तंबूलमध्ये बूटपॉलिशवाल्याचा ब्रश तुमच्यासमोर पडतो. तुम्ही उचलून दिला की तो ‘उपकार फेडायला’ बूट चमकवतो आणि मग पैशांसाठी अडून बसतो. रोमच्या स्टेशनवर तिकिटाच्या यंत्रापाशी मदतनीस येतो. त्याच्या छातीवर बिल्ला असला तरी तो रेल्वेचा असेलच असं नाही.

हे सगळे प्रकार लक्षात ठेवायची गरज नाही. एक गोष्ट ठेवा. जो माणूस आपण निवडून विचारतो तो बहुधा भला असतो. जो आपल्याला निवडून जवळ येतो त्याच्यापासून सावध. रस्ता चुकलात तर दुकानदाराला विचारा, लेकुरवाळ्या बाईला विचारा. पॅरिसच्या मेट्रोत आम्ही चुकलो तेव्हा एका आजीबाईंनी स्वतःची गाडी सोडून आम्हाला योग्य फलाटावर नेलं. जग वाईट नाही. पण त्या आजीबाईंना आम्ही विचारलं होतं.

आपल्या भागातल्या माणसाला हे जड जातं. कोणी बोललं की थांबायचं, नमस्कार केला की नमस्कार करायचा, ही आपली रीत. ते लोक याच चांगुलपणावर धंदा करतात. हे आजचंही नाही. दोनशे वर्षांपूर्वी नागपूर-जबलपूरकडच्या वाटांवर ठग प्रवाशांशी आधी गोड बोलत, सोबत जेवत, विश्वास बसला की मगच घात करत. आपल्याकडचा तो शब्द पुढे इंग्रजीतही गेला. तेव्हा हात जोडा, ‘नो, थँक यू’ म्हणा आणि चालत राहा. थांबू नका. हा उद्धटपणा नाही.

आपण जंगलातली माणसं. मोहफुलं वेचायला किंवा तेंदूपत्ता तोडायला गेलेला माणूस वाकलेला असतो, लक्ष हातातल्या कामात असतं, आणि धोका तेव्हाच असतो. म्हणून आपल्याकडे एकटं जाऊ नये, घोळक्याने जावं, एकाने आजूबाजूला पाहत राहावं असं सांगतात. परदेशात हेच करा. एक जण फोटो काढत असेल तर दुसऱ्याने बॅगकडे पाहावं.

पैशांचं थोडक्यात. सगळे पैसे एका खिशात नकोत. कार्ड निघण्यापूर्वी परदेशासाठी सुरू करा, मर्यादा कमी ठेवा, परत आल्यावर बंद करा. बँकेच्या ॲपमध्ये ती सोय असते. यंत्राने ‘रुपयांत की तिथल्या चलनात?’ विचारलं तर तिथलं चलन निवडा, रुपयांत दर महाग पडतो. कार्डावरून परस्पर कोणी पैसे काढले तर बँकेला ताबडतोब कळवा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमाप्रमाणे, चूक तुमची नसेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर भुर्दंड तुमच्यावर पडत नाही. मात्र स्वतः पिन टाकून केलेल्या खरेदीला हे लागू नाही. माझी अंगठी त्यात बसली नाही!

साध्या वेशातला कोणी ‘पोलीस’ म्हणून पाकीट तपासायला मागू लागला तर देऊ नका. ‘हॉटेलवर किंवा ठाण्यात चला’ म्हणा. पासपोर्टची झेरॉक्स वेगळी ठेवा आणि फोटो मुलांकडे पाठवून ठेवा. पासपोर्ट हरवलाच तर आधी तिथल्या पोलिसांत तक्रार, मग भारतीय दूतावास. परत येण्यासाठी ते तात्पुरता दाखला देतात. युरोपात मदतीचा क्रमांक ११२, थायलंडमध्ये पर्यटक पोलिसांचा ११५५, आणि आपल्याकडे ऑनलाइन फसवणुकीसाठी १९३०.

आणि फसवणूक परदेशातच होते असंही नाही. ताडोबाच्या सफारी बुकिंगचं काम पाहणाऱ्या कंपनीच्या संचालकांवर २०२३ मध्ये बारा कोटींच्या वरच्या अपहाराचा गुन्हा चंद्रपुरातच दाखल झाला. ताडोबा पाहायला येणारा पाहुणा आपल्या गावात तसाच परका असतो, जसे आपण बँकॉकला. त्याला चार योग्य गोष्टी सांगणं आपल्या हातात आहे.

शेवटची विनंती. फसलात तर सांगा. ग्रुपवर रोज फुलांचे ‘शुभ प्रभात’ येतात, त्यात एखादी फसल्याची हकिकतही येऊ द्या. कोणी हसणार नाही, आणि हसलंच तर पहिला मी तुमच्या बाजूने उभा राहीन. त्या दिवशी एसटीत मी सरांना खरं सांगितलं असतं, तर माझ्यामागे बसलेल्या पोट्ट्यांचे पाच रुपये पुढच्या जत्रेत वाचले असते. सर, उशीर झाला, पण सांगितलं.