एलेनबाईंचं घर आणि आमची विहीर

गटाची बैठक आटोपून तशीच स्टुडिओत आले आहे. आवाज थोडा बसलाय, सांभाळून घ्या.

गेल्या महिन्यात आम्ही वस्तीवरच्या विहिरीचं पाणी तपासलं. जलजीवन मिशनमधून गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायला शिकवतात, त्या पाचजणींत मी आहे. छोट्या बाटलीत खुणेपर्यंत पाणी भरलं, झाकण लावलं, उबेला ठेवलं. दुसऱ्या दिवशी बघतो तर पाणी काळंभोर. काळं झालं म्हणजे पाण्यात मैला उतरत असण्याची शक्यता मोठी. आम्ही पाचहीजणी गप्प. कारण विहिरीला सगळ्यात जवळचा शोषखड्डा कुणाचा? माझाच. गावभर स्वच्छतेवर बोलत फिरणाऱ्या सहयोगिनीचा!

त्या रात्री मला एक घर आठवलं. बीएला असताना गृहविज्ञानाच्या एका पुस्तकात त्याबद्दल चार ओळी वाचल्या होत्या. मग आणखी शोधून वाचलं. ते आज तुम्हाला सांगते.

घर आहे अमेरिकेत, बोस्टन शहरातल्या जमैका प्लेन नावाच्या भागात. साधं लाकडी घर. तिथे १८७६ पासून १९११ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, एलेन स्वॅलो रिचर्ड्स राहत होत्या. आपल्या आनंदीबाई जोशी १८८३ साली डॉक्टर व्हायला फिलाडेल्फियाला गेल्या, तोच हा काळ.

एलेनबाई रसायनशास्त्र शिकलेल्या. एमआयटी हे तिथलं मोठं तंत्रशिक्षणाचं कॉलेज, त्यात शिकलेल्या त्या पहिल्या बाई. १८७० साली त्यांना घेतलं आणि फीही माफ केली. बाईंना वाटलं, आपली गरिबी बघून केली असेल. खरं कारण नंतर कळलं. फी घेतली नाही म्हणजे कुणी ओरड केली तर, ही आमची विद्यार्थिनीच नाही, असं कॉलेजला सांगता यावं! आधी कळलं असतं तर मी गेलेच नसते, असं त्या पुढे म्हणाल्या. पण गेल्या, आणि १८७३ साली पदवी घेऊन बाहेर पडल्या. डॉक्टरेट मात्र त्यांना त्या कॉलेजने कधी दिली नाही. नवरा तिथेच खाणकामाचा प्रोफेसर. बाई १८८४ पासून शेवटपर्यंत इन्स्ट्रक्टर, म्हणजे खालच्या पायरीवरच्या शिक्षिका. त्याच्या आधी बायकांसाठी काढलेल्या प्रयोगशाळेत तर बिनपगारी शिकवलं, वर पदरचे पैसे घातले. हे वाचताना मला आपल्याकडच्या पुष्कळ जणी आठवल्या. नावं घेत नाही.

आता घराकडे येऊ. नवराबायको तिथे राहायला गेले आणि बाईंनी घरालाच प्रयोगशाळा केलं. जड गालिचे काढले, कारण त्यांत धूळ बसते, आणि उचलून झटकता येतील अशा लहान सतरंज्या घातल्या. जाड पडदे काढून खिडक्यांत झाडं ठेवली. कोळसा बंद करून स्वयंपाकाला गॅस आणला. घरातली कोंदट हवा बाहेर जावी म्हणून पंख्याची सोय केली. आणि आवारातल्या विहिरीचं पाणी स्वतः तपासलं. आपल्याच घरातलं सांडपाणी आपल्याच पिण्याच्या पाण्यात उतरतंय का, ते बघायला.

मी इथे अडले, बायांनो. दुसऱ्याच्या विहिरीत दोष काढायच्या आधी बाईंनी स्वतःची विहीर बघितली.

पुढे १८८७ पासून त्यांनी सरकारच्या आरोग्य मंडळासाठी सगळ्या मॅसॅच्युसेट्स राज्यातलं पाणी तपासलं. नद्या, तळी, विहिरी, हजारो नमुने. त्यांनी मोजलं क्लोराइड, म्हणजे पाण्यातलं मीठ. आपण टीसीएल पावडर टाकतो त्यातलं क्लोरीन वेगळं, गोंधळ करू नका. समुद्राजवळच्या पाण्यात मीठ आपोआप जास्त असतं आणि आत जावं तसं कमी होतं. कुठे किती असायला हवं याचा त्यांनी नकाशाच केला. मग एखाद्या ठिकाणी त्याहून जास्त मीठ निघालं, तर ते आलं कुठून? माणसाच्या लघवीत मीठ असतं. म्हणजे तिथे सांडपाणी मिसळतंय. किती साधी युक्ती! आपल्या तपासणीच्या पेटीतही क्लोराइडची चाचणी आहे. आम्ही ती नुसती आकडा लिहून सोडून देत होतो. आता शेजारच्या चार विहिरींशी ताडून बघतो. मीठ जमिनीतूनही येतं, म्हणून एकाच विहिरीच्या आकड्यावर जाऊ नका.

अजून एक सांगायचं राहिलं. घरी बसून शिकणाऱ्या बायकांना एलेनबाई पोस्टाने विज्ञानाचे धडे पाठवायच्या. त्या बायका उत्तरात आपल्या दुखण्याखुपण्याचंही लिहायच्या. त्यातून बाईंचं लक्ष आहाराकडे, स्वयंपाकघराकडे वळलं. १८८२ साली त्यांनी स्वयंपाक आणि साफसफाईच्या रसायनशास्त्रावर पुस्तक लिहिलं. आपल्या कॉलेजांत शिकवतात ते गृहविज्ञान उभं करण्यात या बाईंचा मोठा वाटा आहे. घराला १९९२ साली तिथल्या सरकारने राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा दिला.

आता माझ्या शोषखड्ड्याचं. विहिरीपासून पन्नास फूट तरी लांब हवा असं प्रशिक्षणात सांगितलं होतं. मी दोरी धरून मोजलं, बावीस फूट भरलं. घरात सांगितलं तर सासरे म्हणाले, इतकी वर्षं काही झालं नाही. मी म्हटलं, मागच्या पावसाळ्यात शेजारच्या दोन पोरांना कावीळ झाली, ते कशाने ते तुम्हालाही माहीत नाही आणि मलाही नाही. नंतर बैठकीत उभी राहिले आणि खड्डा माझा आहे हे सगळ्यांसमोर सांगितलं. पाय कापत होते. एक जण हसली. दोघी म्हणाल्या, ताई, आमचेही मोजून द्या.

नवीन खड्ड्यासाठी गटातून कर्ज घेतलंय. जुना उपसून बुजवला. विहिरीत टीसीएल टाकलंय, तरी वस्तीवर सगळ्यांनी पाणी उकळूनच प्यायचं ठरलंय. येत्या मंगळवारी पुन्हा नमुना घ्यायचा आहे. या वेळी बाटली माझ्या जाऊबाई भरणार आहेत. मी लांब उभी राहणार.