घरात शिरलेला हेर

अंधेरी-कुर्ला रस्ता पश्चिम द्रुतगती महामार्गाला जिथं मिळतो, तिथं मेट्रोतून उतरलं की कार्यालयांची एक काचेची इमारत दिसते. नाव नटराज. रोज तिथून जाणाऱ्या कितीजणांना ठाऊक असेल कोण जाणे, पण या परिसरात पूर्वी नटराज स्टुडिओ होता. शक्ती सामंता, प्रमोद चक्रवर्ती, आत्माराम, एफ. सी. मेहरा आणि रामानंद सागर ही निर्माते मंडळी तिथं एकत्र नांदली. सागर म्हटलं की आपल्याला रविवारची सकाळ आठवते, 'रामायण' मालिका आठवते. आज मात्र त्यांच्या १९६८ सालच्या 'आंखें'बद्दल बोलू या. लेखक तेच, निर्माते तेच, दिग्दर्शकही तेच. धर्मेंद्र हेर, माला सिन्हा नायिका, साहिरची गीतं, रवीचं संगीत. त्या वर्षी सर्वांत जास्त धंदा केलेल्या हिंदी चित्रपटांत त्याचं नाव घेतात, आणि सागर यांना दिग्दर्शनाचं फिल्मफेअर पारितोषिकही याच चित्रपटासाठी मिळालं.

हेरपट बघताना आपली नजर पिस्तुलावर जाते, छुप्या दारांवर जाते, खलनायकाच्या गुहेतल्या लुकलुकणाऱ्या दिव्यांवर जाते. 'आंखें'त हा सगळा माल आहे, आणि खरं सांगायचं तर आज तो बराचसा पोरकट वाटतो. १९६२ साली 'डॉ. नो' आला, जेम्स बाँडची लाट आली, १९६७ मध्ये जितेंद्रचा 'फर्ज' गाजला. सागर यांनीही बाजाराची नस ओळखली एवढंच. पण हेरकथेचा जीव यंत्रांत नसतो. कोणाला काय माहीत आहे आणि कोणाला नाही, यात तो असतो. पुढच्या वेळी असा चित्रपट पाहाल तेव्हा प्रत्येक प्रसंगात स्वतःला विचारा: या खोलीतल्या कोणाला खरं ठाऊक आहे? मला ठाऊक आहे का? पटकथा मग उलगडून दिसू लागते.

बाँडचा विचार करा. त्याला आई नाही, बहीण नाही, भाचा नाही. मोहीम संपली की तो मोकळा. सागर यांनी आपल्या हेराला भरलं घर दिलं. वडील, बहीण, तिचं लहान मूल. आसामातल्या घातपातांमागचा हात शोधणाऱ्या देशभक्तांचा गट आहे, आणि वडीलच त्याचे म्होरके आहेत. म्हणजे शत्रूला गुपित हवं असेल तर सरकारी कचेरीत शिरायची गरज नाही. या घरात शिरलं की झालं. आणि शत्रू शिरतो, तोही नातलग बाईच्या रूपात. ती बाई म्हणजे आपल्या येवल्याच्या ललिता पवार.

इथं जरा थांबू. निर्माता पात्रांची निवड करतो तेव्हा तोही एक प्रकारे पटकथाच लिहीत असतो, याचा याहून चांगला नमुना मला तरी सुचत नाही. ललिताबाई पडद्यावर आल्या की साठच्या दशकातला प्रेक्षक आपोआप सावध व्हायचा. इतक्या खाष्ट सासवा त्यांनी रंगवल्या होत्या. दुसरीकडे 'श्री ४२०'मधली केळेवाली आणि 'अनाडी'तली मिसेस डिसाही त्याच होत्या. तोंडानं फटकळ, आतून मायेच्या. तेव्हा ही बाई घरात आल्यावर प्रेक्षकाचं मन दोन्हीकडे ओढलं जातं. संशय यावा, पण माणूस नात्यातलं! घरच्यांना जो प्रश्न पडायला हवा तो प्रेक्षकाला आधी पडतो, आणि त्यासाठी एका शब्दाचाही संवाद खर्च होत नाही. त्यांचा चेहरा पाहा. १९४२ मध्ये एका चित्रीकरणात बसलेल्या थपडेनं त्यांच्या डाव्या डोळ्याला कायमची इजा झाली होती. त्या बारीक झालेल्या डोळ्याचा त्यांनी आयुष्यभर अभिनयात वापर केला. बोलणं गोड, उजवा डोळा शांत, आणि डावा काहीतरी वेगळंच मोजतोय असं वाटत राहतं. असा चेहरा मिळाल्यावर निर्मात्याला छुप्या कॅमेऱ्यांची काय मातबरी?

सागर यांना घर एवढं का दिसावं? लाहोरजवळ जन्मलेला हा माणूस. शिपाईगिरी केली, साबण विकला, वर्तमानपत्रात काम केलं. फाळणीत सगळं सोडून मुंबईला आला आणि त्या हिंसेवर 'और इन्सान मर गया' ही कादंबरी लिहिली. राज कपूरच्या 'बरसात'ची कथा-पटकथा त्यांची, १९४९ सालची. 'पैगाम'च्या संवादांना फिल्मफेअर मिळालं. कालपर्यंतचा शेजारी आज कोण ठरेल, हे ज्यानं पाहिलं, त्याच्या हेरकथेत धोका उंबरठ्याच्या आत असावा, यात मला नवल वाटत नाही. हा माझा तर्क आहे, पण चित्रपट पाहताना तो मला पटत जातो.

निर्माता म्हणून त्यांनी हात आखडला नाही. बैरूत आणि जपान इथं प्रत्यक्ष जाऊन चित्रीकरण केलं. छायाचित्रणकार जी. सिंग यांनाही फिल्मफेअर मिळालं. तरी परदेशातला भाग मला सैल वाटतो. मेहमूदचा विनोद लांबतो, गाणी कथेला अडवतात. कथा मुंबईत घरी परतली की पुन्हा ताठ होते. १९७६ च्या 'चरस'मध्ये सागर पुन्हा अशाच वाटेनं गेले. नायक युगांडातून परागंदा झालेल्या भारतीयांपैकी, चित्रीकरण माल्टात. पण तिथं 'आंखें'सारखं नांदतं घर नाही, आणि चित्रपट तेवढा पकड घेत नाही.

पुढे १९८७ मध्ये 'रामायण' आलं. त्यात मंथरा कोण? पुन्हा ललिता पवार. राजवाड्यात राहून घर फोडणारी बाई. एकोणीस वर्षांपूर्वी जे काम हेरपटात दिलं होतं, ते सागर यांनी त्याच अभिनेत्रीला अयोध्येत दिलं.

आज अंधेरीच्याच पश्चिमेला यशराजच्या स्टुडिओत 'टायगर' आणि 'पठान' घडतात. त्यांची भव्यता कबूल. पण त्यांच्या हेरांच्या घरी जेवायला कोण येतं, हे आपल्याला फारसं कळत नाही. 'आंखें' जरूर पाहा. मारामारी सुरू झाली की चहा ठेवायला उठलात तरी चालेल, ललिताबाई खोलीत आल्या की मात्र जागेवर बसा.