अंगठा हाताला गेला, मागे राहिलेल्या पायाचे काय?

यंत्रात हाताचा अंगठा गमावलेल्या माणसाला पायाचा अंगठा बसवला, अशी बातमी येते तेव्हा सोबतचा फोटो हाताचा असतो. नव्या अंगठ्याने पेन धरलेले असते, पेला उचललेला असतो. पाय त्या फोटोत नसतो. आजचे व्याख्यान त्या पायाबद्दल आहे.

हाताचे ढोबळ हिशेबाने ४० टक्के काम अंगठ्यावर असते, म्हणून तो परत मिळवण्याची धडपड जुनी आहे. ऑस्ट्रियातले कार्ल निकोलादोनी यांनी १९०० च्या सुमारास रुग्णाचा हात त्याच्याच पायाला शिवून, तसाच बांधून ठेवून पायाचे बोट हातावर रुजवले होते. मायक्रोस्कोपखाली मिलिमीटरभर जाडीच्या रक्तवाहिन्या जोडता येऊ लागल्या आणि हा छळ संपला. १९६६ मध्ये शांघायच्या डॉक्टरांनी पायाचे दुसरे बोट, तर १९६८ मध्ये इंग्लंडमधल्या ईस्ट ग्रिन्स्टेडला जॉन कॉबेट यांनी पायाचा अंगठा थेट हातावर बसवला. भारतात कोइमतूरचे गंगा हॉस्पिटल या कामासाठी ओळखले जाते.

पायाचा हिशेब मात्र दर रुग्णागणिक नव्याने मांडावा लागतो. चालताना टाच उचलली की भार चवड्यावर येतो आणि शेवटचा रेटा अंगठा देतो. तळपायाचा जाड पडदा अंगठ्याच्या मुळाशी बांधलेला असतो. अंगठा वर वळला की तो ताणला जातो आणि पायाची कमान उचलली जाते. अंगठा मुळापासून काढला तर ही बांधणीच सुटते. भार शेजारच्या हाडांवर सरकतो, तिथे घट्टे पडतात, ठणका लागतो. म्हणून तैवानच्या चांग गुंग हॉस्पिटलचे फू-चान वेई यांच्यासारखे अनुभवी सर्जन अंगठ्याच्या पहिल्या हाडाचा निदान एक सेंटिमीटर भाग पायातच ठेवतात. पायाची डागडुजी सुरू होते ती इथे, पहिला छेद घेण्याआधी.

अंगठा अख्खा न नेता त्यावरचे नख, कातडी आणि मऊ गर एवढेच मोजा उतरवावा तसे काढून घ्यायचे आणि हाताला आधार म्हणून कमरेच्या हाडाचा तुकडा द्यायचा, ही युक्ती मेलबर्नच्या वेन मॉरिसन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये मांडली. अंगठ्याची बहुतेक लांबी पायातच राहते. जखम मात्र अवघड होते. आतल्या कडेला कातडीची एक अरुंद पट्टी, तिच्या रक्तवाहिनीसकट, मुद्दाम सोडलेली असते. टोकाचे हाड थोडे कातरून ती पट्टी टोकावर वळवून घेतात. उरलेल्या भागावर मांडीची पातळ कातडी लावता येते. पण उघड्या हाडावर ती रुजत नाही, आणि तळव्याच्या बाजूला, जिथे प्रत्येक पावलाला घासते, तिथे ती फुटते, भरते, पुन्हा फुटते. त्यामुळे तिथे दुसऱ्या बोटाची कातडी चरबीसकट उचलून अंगठ्यावर पसरतात. दोन्ही बोटे दोन-तीन आठवडे एकमेकांना शिवलेली राहतात. तेवढ्यात अंगठ्याच्या बाजूने नव्या रक्तवाहिन्या त्या कातडीत शिरतात आणि मग जोड कापता येतो.

अलीकडे, विशेषतः चीनमध्ये, जांघेतली पातळ कातडी तिच्या रक्तवाहिनीसकट आणून पायाच्या रक्तवाहिनीला जोडतात. जांघेतली जखम सरळ शिवून मिटते आणि व्रण कपड्याखाली झाकला जातो. म्हणजे मायक्रोस्कोपचे काम हातावर एकदा, पायावर पुन्हा एकदा. वेळ आणि खर्च दोन्ही वाढतात. तरीही ज्याला प्रेसवर किंवा शेतात दिवसभर उभे राहायचे आहे, त्याच्यासाठी हे कष्ट घ्यायलाच हवेत.

दुसरे बोट नेले तर पाय सोपा जातो. बोटामागचे चवड्यातले हाडही काढून शेजारची हाडे जवळ ओढतात, त्यांच्यामधले बंध शिवतात. पाऊल थोडे अरुंद होते, पण बघणाऱ्याच्या चटकन लक्षात येत नाही. मात्र जोडवी याच बोटात असतात. रुग्ण बाई असेल तर ही गोष्ट तिच्याशी आधी बोलायला हवी. तिच्या मनातली अडचण ती आपणहून सांगेलच असे नाही.

कापलेल्या नसांची टोके खोल, भार न येणाऱ्या जागी ठेवावी लागतात, नाहीतर तिथे गाठ धरते आणि पाऊल टेकताच झिणझिण्या येतात. पहिले काही दिवस पाय उशीवर उंच ठेवायचा, तंबाखू आणि विडी पूर्ण बंद. पुढे आधी टाचेवर चालायचे, चवड्यावर भार नंतर. थंडीत तो पाय पुष्कळांना सलत राहतो.

राहता राहिली पादत्राणे. कोल्हापुरी चपलेचा अंगठा आणि साध्या स्लिपरचा पट्टा, दोन्ही पायाच्या अंगठ्याच्या भरवशावर असतात. आखूड झालेल्या अंगठ्यातून चप्पल निसटते आणि माणूस ती धरून ठेवायला पाऊल वाकडे टाकू लागतो. मागे पट्टा असलेली सँडल, बुटात रिकाम्या जागी मऊ भरणी, आणि घट्टे धरू लागले तर परत दाखवायला येणे, हे सारे घरी सोडताना दिलेल्या कागदावर गोळ्यांच्या नावांइतक्याच ठळक अक्षरात लिहिलेले असावे.