चोडणचे कांदळवन आणि शाळेची सहल

(सहलींच्या हंगामापूर्वी भरलेल्या शिक्षकांच्या बैठकीत प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



थंडी पडू लागली की आमच्याकडे शाळांची विचारणा सुरू होते. पन्नास मुले आहेत, दिवस एकच आहे, समुद्रकिनारा अनेकदा पाहून झाला आहे. आता कोठे जावे? अशा वेळी मी चोडण बेटावरील डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्याचे नाव सुचवितो. स्थळांची स्तुती करणे हा माझ्या कामाचाच भाग आहे. तथापि आज स्तुती थोडी आणि अटी अधिक सांगणार आहे, त्याबद्दल राग मानू नये.

पणजीहून रायबंदरकडे जाणारा रस्ता हाच सहलीचा पहिला धडा होय. एका बाजूस मांडवी, दुसऱ्या बाजूस मिठागरे, आणि मधून जाणारा हा बांधरस्ता पोर्तुगीजांनी १६३३-३४ मध्ये बांधलेला. रायबंदरच्या धक्क्यावरून फेरीबोटीने पलीकडे उतरले की चोडण. बेटाच्या पश्चिम टोकाला १.७८ चौरस किलोमीटर एवढेच हे अभयारण्य आहे. थोर पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली १९८७ साली निवर्तले आणि १९८८ साली त्यांच्या नावाने हे वन संरक्षित झाले. वाघ-गवे पाहण्याच्या अपेक्षेने येणाऱ्यास येथे निराशा पदरी पडेल. येथे पाहावयाचे ते चिखलात, आणि तेही निमूटपणे.

कांदळाचे झाड मुलांना अवश्य जवळून दाखवावे. दिवसातून दोनदा खारे पाणी ज्याच्या बुंध्याशी चढते, तेथे दुसरे झाड तगत नाही. हे तगते ते युक्तीने. तिवराची मुळे चिखलातून पेन्सिलीसारखी वर येऊन श्वास घेतात, आणि त्याच्या पानांवाटे मीठ बाहेर टाकले जाते. पान जिभेला लावून मुलांनी स्वतः खात्री करून घ्यावी. कांदळाचे बी झाडावर असतानाच रुजते आणि लांबट रोप होऊन खाली चिखलात पडते. लेकराला चालते करूनच घराबाहेर पाठविणारी ही आई, असे सांगितले तर लहान मुलेही विसरत नाहीत. याच चिखलात निवटी उड्या मारतात. मासा असून पाण्याबाहेर बसणारा हा प्राणी ओल्या त्वचेतूनही श्वास घेतो. एक नांगी भली मोठी असलेले नर खेकडे ती नांगी उंचावून शेजाऱ्याला दटावीत असतात.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. होडीतून फिरावयाचे आणि पक्षीही पाहावयाचे, ही दुहेरी इच्छा एकाच घटकेला पुरी होत नाही. भरतीला पाणी वर चढते, तेव्हा होडी कांदळवनातील अरुंद फाट्यांत शिरू शकते. पण चिखल झाकला गेल्यामुळे तुतवारांसारखे चिखलात चरणारे पक्षी विसाव्याला गेलेले असतात. ओहोटीला चिखल उघडा पडतो, बगळे, तुतवार, खंड्या आपापल्या जागी येतात. मात्र होडी रुतते. म्हणून सहलीची तारीख केवळ शाळेच्या सोयीने ठरवू नये. भरतीची वेळ दररोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. पक्षातील तिथीला पाऊणपट करावे म्हणजे पूर्ण भरतीची घटका मिळते, हा कोकणच्या दर्यावर्दींचा जुना ठोकताळा आपणांपैकी काहींना ठाऊक असेल. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. हा हिशेब मुंबईकडचा आहे. गोव्याला भरती थोडी आधी येते. तेव्हा ठोकताळा मुलांना गणित म्हणून द्यावा आणि वेळ मात्र भरती-ओहोटीच्या छापील कोष्टकावरून ठरवावी. भरती उतरणीला लागण्याच्या सुमारास होडीत बसावे आणि पाणी ओसरल्यावर पायवाटेने हिंडून निरीक्षण करावे, हा क्रम उत्तम.

होडी वल्ह्याची असावी. यांत्रिक होडीचा वेग तरुणांना प्रिय असतो हे मी जाणतो. पण तिच्या आवाजाने पाचशे पावलांवरचा पक्षी उडतो, आणि तिच्या लाटा खाजन शेतीच्या बांधांवर आदळतात. हे बांध म्हणजे शोभेची वस्तू नव्हे. मातीचा बांध आणि त्यातील मानशीची झडप यांच्या आधारावरच खाऱ्या पाण्याच्या पातळीखाली असलेल्या जमिनीत गोव्याच्या शेतकऱ्याने भात पिकविला आहे. बांध फुटला तर शेत खारे होते. बोरी-दुर्भाट भागात पौष अमावास्येला याच मातीची मगर करून तिची पूजा करतात, तिला मानगे थापणी म्हणतात. खरी मगर कुंभारजुव्याच्या कालव्यात राहते. गोड्या पाण्यातील म्हणून ओळखली जाणारी मगर येथे खाऱ्या पाण्यात नांदते, हे नवलच. त्यामुळे पाण्यात हात-पाय सोडून बसू देऊ नये.

जीवरक्षक जाकिटाविषयी मी मुद्दाम शेवटी बोलत आहे. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीच्या मुलांची होडी उलटली. बारा मुले आणि दोन शिक्षिका दगावल्या. होडीत क्षमतेहून अधिक माणसे होती आणि जाकिटे सर्वांच्या अंगावर नव्हती. तो तर तलाव होता, येथे वाहती नदी आहे. होडीवाला "आणखी दोघे चालतील" म्हणाला, तरी शिक्षकाने नको म्हणावे. मुले रुसतील, वेळ जाईल, चार फेऱ्यांच्या जागी सहा होतील, होऊ द्याव्यात. जाकीट मुलाच्या मापाचे असावे, त्याचे पट्टे शिक्षकाने स्वतः ओढून पाहावेत आणि ते उतरल्याशिवाय काढू देऊ नये. थांबलेल्या मुलांकडून तोपर्यंत पक्ष्यांची यादी करवून घेता येते.

पाणमांजर दिसेल का, असे मुले हमखास विचारतील. चोडणला ते आहे, परंतु ते भल्या सकाळी निघते आणि शाळांच्या गाड्या दहाच्या आत पोहोचत नाहीत. चिखलात त्याच्या पायांचे ठसे मात्र पुष्कळदा दिसतात. बोटांमध्ये पडदा असलेला पंजा ओळखता येतो. ते ठसे वहीत काढून घेण्यास सांगावे. खाऊच्या पिशव्या गाडीतच ठेवाव्यात, आणि परतीच्या फेरीत बसण्यापूर्वी मुलांची मोजणी दोन शिक्षकांनी वेगवेगळी करावी.