घरपट्टी, थकबाकी आणि घराचा लिलाव

(कुंभकोणम येथील मराठी भाषक कुटुंबांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचे लेखरूप)



व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंत या कावेरीखोऱ्यात तंजावरच्या भोसल्यांची गादी होती. त्या काळात येथे आलेल्या घराण्यांचे वंशज आज माझ्यासमोर बसलेले आहेत. घरात मराठी आणि रस्त्यावर तमिळ असे दुहेरी जीवन आपण अनेक पिढ्या सांभाळले आहे. आपल्यापैकी बहुतेकांच्या बोलण्यात या दोन दिवसांत एक विषय वारंवार आला. तो म्हणजे जुने घर. पुढे तिण्णै, म्हणजे आपली ओसरी, मधोमध चौक, मागे विहीर असे ते घर. राहायला एखादी वृद्ध आत्या किंवा कोणीच नाही. मुले चेन्नई, बंगळूर, पुणे वा परदेशी. अशा घराची घरपट्टी कोण भरतो, हा प्रश्न विचारला की सभेत शांतता पसरते. म्हणूनच करशास्त्राचा एक रूक्ष वाटणारा विषय मी आज निवडला आहे. मालमत्ता कर थकल्यास प्रकरण घराच्या लिलावापर्यंत कसे पोहोचते आणि ते तेथवर पोहोचू नये यासाठी काय करता येईल, याचा आपण विचार करू.

कर हवाच कशासाठी?

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. मालमत्ता कर हा अन्याय्य कर नाही. किंबहुना स्थानिक स्वराज्याच्या दृष्टीने तो सर्वांत न्याय्य करांपैकी एक आहे. रस्ता, गटार, दिवाबत्ती आणि स्वच्छता यांमुळे घराचे मूल्य वाढते आणि त्या वाढीतील थोडा वाटा नगरसंस्था परत मागते. घर उचलून दुसऱ्या गावी नेता येत नाही, त्यामुळे हा कर चुकवणेही तुलनेने अवघड असते.

१९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरसंस्थांना घटनात्मक स्थान दिले. परंतु कामे जितकी सोपवली तितका पैसा दिला नाही. महाराष्ट्रात जकात आणि पुढे स्थानिक संस्था कर संपुष्टात आल्यावर घरपट्टीचे महत्त्व अधिकच वाढले. तथापि आपल्या देशात मालमत्ता कराचे उत्पन्न राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे ०.२ टक्क्याच्या आसपासच घुटमळते. विकसित देशांत ते साधारण १ टक्क्याच्या घरात असते. म्हणूनच पंधराव्या वित्त आयोगाने नागरी संस्थांच्या अनुदानासाठी मालमत्ता कराचे किमान दर अधिसूचित करण्याची आणि कराची वसुली राज्याच्या उत्पन्नवाढीच्या प्रमाणात वाढवण्याची अट घातली.

कुंभकोणमचेच उदाहरण घेऊ. १८६६ मध्ये येथे नगरपालिका स्थापन झाली आणि २०२१ मध्ये तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे १ लाख ४० हजार. परंतु दर १२ वर्षांनी येणाऱ्या महामहम् पर्वणीला येथे लक्षावधी यात्रेकरू लोटतात. २०१६ नंतरची पर्वणी २०२८ मध्ये अपेक्षित आहे. आपल्या नाशिकच्या सिंहस्थाप्रमाणेच हे पर्वही गुरूच्या सिंह राशीतील प्रवेशाशी निगडित आहे. सार्वजनिक पूजास्थाने करमुक्त असतात. म्हणजे मंदिरांच्या या नगरीत कराचा पाया अरुंद आणि खर्चाचा भार रुंद आहे. एकाने घरपट्टी थकवली की तिचा बोजा शेजाऱ्यावर किंवा गावाच्या गटारावर पडतो, हे विसरून चालणार नाही.

थकबाकीची शिडी

आता कर थकल्यावर काय होते ते पाहू. तामिळनाडूत कर सहामाही असतो. २०२३ च्या नियमांनुसार सहामाहीच्या पहिल्या ३० दिवसांत तो भरल्यास ५ टक्के, परंतु कमाल ५,००० रुपये सूट मिळते. उशीर झाल्यास दरमहा १ टक्का साधे व्याज लागते. महाराष्ट्रातील महानगरपालिकांत १९४९ च्या अधिनियमाखालील करनियमांनुसार दंडाचा दर दरमहा २ टक्के आहे.

हे आकडे ऐकायला लहान वाटतात, म्हणून एक काल्पनिक हिशेब मांडतो. एका घराची घरपट्टी वार्षिक ६,००० रुपये आहे, ती वर्षारंभी देय होते आणि सलग १० वर्षे कोणी भरलेली नाही असे समजा. मूळ कर ६०,००० रुपये झाला. चक्रवाढ न धरताही दरमहा २ टक्क्यांनी दहाव्या वर्षाच्या अखेरीस शास्ती ७९,२०० रुपये होते. एकूण देणे १,३९,२०० रुपये. दंड मूळ करापेक्षा मोठा झाला! दर १ टक्का असता तर शास्ती ३९,६०० रुपये आणि एकूण देणे ९९,६०० रुपये झाले असते. जे कुटुंब ६,००० रुपये सहज भरू शकले असते, तेच १,३९,२०० रुपयांच्या कागदासमोर हतबल होते. थकबाकीचे खरे दुखणे येथे आहे.

यापुढची पायरी वसुलीची. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या १२८ व्या कलमात ती क्रमाने दिली आहे. आधी देयक, मग मागणीची नोटीस, मग जंगम मालमत्तेची अटकावणी व विक्री आणि त्यानंतर स्थावर मालमत्तेची जप्ती व विक्री. याखेरीज भाडेकरूकडून येणारे भाडे अडवणे किंवा दिवाणी दावा करणे हे मार्गही खुले असतात. तामिळनाडूत २०२३ पर्यंत लागू असलेल्या १९२० च्या जिल्हा नगरपालिका कायद्याचा भर जंगम वस्तूंची जप्ती, फिर्याद आणि दिवाणी दावा यांवर होता. परंतु दोन्ही राज्यांच्या कायद्यांत एक सूत्र समान राहिले आहे. घरपट्टी हा त्या वास्तूवरचा बोजा असतो. म्हणजे मालक बदलला, परगावी गेला वा निवर्तला, तरी देणे भिंतींना चिकटून राहते.

येथे कायद्यातील एक विसंगती जाणवते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ६० व्या कलमाने अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण आणि कारागिराची हत्यारे जप्तीतून वगळली आहेत. शेतकरी, मजूर आणि घरगुती नोकर यांच्या राहत्या घरालाही हे कलम संरक्षण देते. मात्र सर्वसामान्य शहरी कुटुंबाच्या एकमेव घराला तसे कवच नाही. अंथरूण सुरक्षित, पण ते जेथे अंथरायचे ते छप्पर नाही.

नोटीस कोणाला मिळाली?

माझ्या कुटुंबातील एक प्रसंग सांगतो. आमचे वडिलोपार्जित घर महाराष्ट्रातील एका लहान शहरात आहे. आजोबा गेल्यानंतरही कित्येक वर्षे देयक त्यांच्याच नावाने निघत राहिले. आम्ही नऊ चुलत-आते भावंडे. घरपट्टी दुसरा कोणीतरी भरत असेल, अशी प्रत्येकाची समजूत. एके दिवशी शेजारच्या काकूंचा दूरध्वनी आला, ‘‘अरे, तुमच्या दाराला कसला तरी कागद चिकटवला आहे.’’ तो जप्तीचा कागद होता. ज्यांच्या नावाने तो होता त्यांना तो वाचणे शक्य नव्हते आणि ज्यांना वाचता आला असता त्यांची नावे दप्तरात नव्हती. अर्थशास्त्राचा प्राध्यापक म्हणून वर्गात मी सार्वजनिक वित्त शिकवत होतो आणि घरची पट्टी थकलेली होती! आम्ही वर्गणी काढून रक्कम भरली. दोष केवळ कार्यालयाचा नव्हता. वारसाने आपले नाव कळवावे, हे कर्तव्य कायद्याने वारसावरच टाकलेले आहे.

सांगण्याचा मुद्दा हा की, लिलावापर्यंत जाणाऱ्या प्रकरणांच्या मुळाशी नेहमीच अप्रामाणिकपणा असतो असे नाही. कित्येकदा तेथे मृत व्यक्तीच्या नावाचे देयक, न वाटलेली मालमत्ता आणि बंद घर असते. मोठ्या थकबाकीदाराजवळ वकील असतो; तो आकारणीलाच आव्हान देऊन वर्षानुवर्षे स्थगिती मिळवतो. विधवा आत्या मात्र दाराला लागलेला कागद पाहून गोंधळून जाते.

इतिहास आणि जग

कर थकला म्हणून मालमत्ता विकणे ही नवी कल्पना नाही. १७९३ च्या कायमधाऱ्यानंतर बंगालमध्ये ठरलेल्या दिवशी सूर्यास्तापर्यंत सारा न भरल्यास जमीनदारी लिलावात निघत असे. मद्रास इलाख्यात १८६४ च्या महसूल वसुली कायद्याने थकबाकीदाराची जमीन विकण्याचा अधिकार सरकारला दिला. महाराष्ट्रात सारा थकल्याने सरकारजमा झालेल्या ‘आकारी पड’ जमिनींचा प्रश्न तर पिढ्यानुपिढ्या रेंगाळला आणि त्या मूळ खातेदारांना वा त्यांच्या वारसांना परत देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२५ च्या जानेवारीत घेतला. क्षुल्लक थकबाकीपायी गेलेली जमीन परत मिळण्यास किती काळ लागतो, याचे हे बोलके उदाहरण होय.

अमेरिकेतील एक खटला या संदर्भात उद्बोधक आहे. मिनेसोटा राज्यातील टायलर नावाच्या वृद्ध महिला २०१० मध्ये आपली सदनिका सोडून ज्येष्ठांच्या वसाहतीत राहायला गेल्या. सदनिकेचा सुमारे २,३०० डॉलर कर थकला. व्याज, दंड आणि खर्च मिळून देणे सुमारे १५,००० डॉलरवर गेले. हेनेपिन काउंटीने सदनिका ४०,००० डॉलरना विकली आणि उरलेले २५,००० डॉलरही स्वतःकडेच ठेवले. मे २०२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निर्णय दिला की, शासनाने आपले देणे घ्यावे, त्याहून अधिक घेऊ नये. निकालाच्या वेळी टायलर यांचे वय ९४ होते.

आपल्याकडे वाढावा मालकाचाच असतो, हे तत्त्व मान्य आहे. परंतु महाराष्ट्रातील नियमांनुसार तो ठरावीक मुदतीत अर्ज करून मागावा लागतो. न मागितल्यास तो नगरनिधीत विलीन होतो. ज्याला देयक मिळाले नाही त्याला वाढाव्याची सूचना तरी मिळेल काय?

लिलावात घर घेणाऱ्यालाही सावध राहावे लागते. अहमदाबाद महापालिका विरुद्ध हाजी अब्दुलगफूर या १९७१ च्या खटल्यात न्यायालयीन लिलावात मालमत्ता घेणाऱ्याकडे महापालिकेने जुनी थकबाकी मागितली. ज्या खरेदीदाराला बोजाची कल्पना नव्हती, त्याच्यावर तो लादता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. बोजा असतो, पण तो माहीत करून देण्याची जबाबदारीही असते, हे त्याचे सार.

काय करता येईल?

नगरसंस्थांसाठी मी पाच सूचना करीन. पहिली, जप्तीपूर्वी मालकीच्या नोंदी अद्ययावत करून सर्व ज्ञात वारसांना आणि प्रत्यक्ष रहिवाशालाही नोटीस द्यावी. दुसरी, शास्तीला मर्यादा असावी. ती मूळ कराहून अधिक होऊ नये. तिसरी, एकमेव राहते घर असलेल्या वृद्धांना कर लांबणीवर टाकण्याची मुभा द्यावी आणि तो घराच्या विक्रीच्या वा वारसाच्या वेळी माफक व्याजासह वसूल करावा. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात आणि आयर्लंडमध्ये अशा योजना आहेत. चौथी, लिलावातील वाढावा अर्जाची वाट न पाहता मालकाच्या नावे ठेवावा. पाचवी, वारंवार अभय योजना जाहीर करू नयेत. दर काही वर्षांनी दंड माफ होतो असे कळले की, वेळेवर भरणारा स्वतःला मूर्ख समजू लागतो.

याच्या जोडीला आकारणी नियमित हवी. तामिळनाडूत २००८ नंतर दीर्घकाळ वाढ झाली नाही. २०१८ ची वाढ नंतर स्थगित झाली आणि एप्रिल २०२२ मध्ये निवासी घरांच्या आकारानुसार २५ टक्क्यांपासून पुढे एकदम मोठी वाढ करावी लागली. दरवर्षीची लहान पायरी चढता येते. चौदा वर्षांची एकत्र उडी मारता येत नाही.

आणि आपल्यासाठी? घरी गेल्यावर तीन गोष्टी पाहा. देयकावर कोणाचे नाव आहे, शेवटची पावती कोणत्या सहामाहीची आहे आणि भावंडांपैकी कर भरण्याची जबाबदारी नेमकी कोणाची आहे. आकारणी चुकीची वाटत असेल तर मुदतीत हरकत घ्या. मात्र वाद आहे म्हणून निर्विवाद रक्कमही अडवून ठेवू नका.

लिलाव हे करवसुलीचे शस्त्र म्हणून कायद्यात असावे, हे मला मान्य आहे. त्याच्या अस्तित्वामुळेच सधन थकबाकीदार जाग्यावर येतो. पण ज्या दिवशी एखाद्या वृद्धेचे घर ६,००० रुपयांच्या देयकापायी हातोड्याखाली जाते, त्या दिवशी नगरसंस्थेची वसुली होते आणि नागरिकाचा तिच्यावरील विश्वास थकतो. ही थकबाकी कोणत्याही लिलावातून भरून निघत नाही.