फाशी की जन्मठेप?



फाशीच्या प्रश्नाचा विचार आपण नाशिककरांनी तरी आपल्याच जिल्ह्यातील खटल्यापासून सुरू करावा. दि. ५ जून २००३ च्या रात्री येथे एका मळ्यातील झोपडीवर दरोडा पडला. एकाच कुटुंबातील पाच जणांचा खून झाला. भटक्या जमातीचे सहा जण धरले गेले. २००६ साली नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांस फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने त्यांतील तिघांस जन्मठेप दिली. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांस फाशी ठोठावली. आणि त्याच सर्वोच्च न्यायालयाने ५ मार्च २०१९ रोजी सहाही जणांस निर्दोष सोडले! बचावलेल्या साक्षीदार बाईने पोलिसांजवळील छायाचित्रांतून प्रथम निराळीच चार माणसे ओळखली होती. त्यांचा तपासच झाला नव्हता. शासनाने प्रत्येकास ५ लाख रुपये द्यावेत, असा हुकूम झाला. सुमारे सोळा वर्षांच्या तुरुंगवासाचे हे मोल! तेही घ्यावयास माणसे जिवंत होती म्हणून. मधल्या दहा वर्षांत दोर ओढला गेला असता तर ही रक्कम कोणाच्या हाती ठेवली असती?

तुम्ही विचाराल, मग खैरलांजीचे काय? विचारणे रास्त आहे. २९ सप्टेंबर २००६ रोजी तेथे आपल्याच एका बौद्ध कुटुंबातील चौघांची हत्या झाली. २००८ साली सहा जणांस झालेली फाशी २०१० साली उच्च न्यायालयाने पंचवीस वर्षांच्या कारावासावर आणली, तेव्हा वस्त्यावस्त्यांतून संताप उसळला. त्या संतापास मी नावे ठेवीत नाही. तथापि वकील म्हणून सांगतो, मला अधिक झोंबली ती दुसरी गोष्ट: दोन्ही न्यायालयांस त्या हत्याकांडात जातिद्वेष दिसला नाही व अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू झाला नाही. फासाचा दोर ती उणीव भरून काढीत नाही.

३ जून १९४९ रोजी घटना समितीत फाशीच्या अपिलांची चर्चा चालू असता, ही शिक्षाच रद्द करणे आपणांस अधिक पसंत पडेल, असे बाबासाहेबांनी सांगितले होते. अंगुलिमालास तथागतांनी संघात घेतले, हेही आपण जाणताच.

जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे, हा समज मात्र टाकून द्या. कायद्याने ती आमरण असते. खुनाच्या जन्मठेपेत चौदा वर्षे भोगल्यावाचून शासनासही सूट देऊन सोडता येत नाही.

वस्तीतील कोणास पोलिसांनी नेले तर पहिल्याच दिवशी वकील द्या. कोठडीतील माणसास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून तो विनामूल्य मिळतो; उत्पन्नाची अट नाही. ओळखपरेडीपूर्वीच त्याचा चेहरा साक्षीदारास दाखविला गेला असेल, तर ते त्याच वेळी न्यायाधीशापुढे लेखी नोंदवून घ्या.