भिंतीची ओल आणि पाच वर्षांची मुदत

आज आम्ही एका सोसायटीतल्या बायका तुमच्याशी बोलायला आलो आहोत. विषय आहे आमच्या घरांच्या ओल्या भिंती.

आम्हाला घरांचा ताबा मिळाला २०१८ साली. २०२१च्या पावसाळ्यात भिंतींना ओल आली, रंगाचे पोपडे निघाले, कपाटातल्या साड्यांना बुरशी लागली. लहान मुलांचा खोकला हटेना. दिवसभर घरात आम्ही, म्हणून त्रास आम्हालाच जास्त. कमिटीतली मंडळी बिल्डरच्या माणसाला फोन करायची. तो म्हणायचा, "पाऊस संपला की बघू." असे दोन पावसाळे गेले.

मग टोलवाटोलवी सुरू झाली. बिल्डर म्हणाला, "वॉटरप्रूफिंगची गॅरंटी ठेकेदाराची आहे, त्याला गाठा." ठेकेदार म्हणाला, "माझा करार बिल्डरशी आहे, तुमच्याशी नाही." शेवटी बिल्डरने सांगितलं, "सोसायटीचा विमा आहे ना, तिथून घ्या." आम्ही विमा कंपनीकडे गेलो. तिथून उत्तर आलं, तुमची पॉलिसी आग, भूकंप अशा आपत्तींसाठी आहे, बांधकामातला दोष त्यात बसत नाही.

तेव्हा आम्ही एका वकीलताईंकडे गेलो. त्यांनी रेरा कायदा, म्हणजे २०१६चा स्थावर संपदा कायदा, समजावून सांगितला. त्याच्या कलम १४मध्ये लिहिलंय की ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत इमारतीच्या सांगाड्यातला, कारागिरीतला किंवा दर्जातला दोष बिल्डरच्या नजरेस आणून दिला, तर त्याने तो ३० दिवसांत, एक पैसाही न घेता दुरुस्त करायचा. नाही केला तर भरपाई मागता येते. बांधकामाच्या विम्याचीही तरतूद कलम १६मध्ये आहे. राज्य सरकार जे विमे अधिसूचित करेल ते बिल्डरने काढायचे आणि हप्ताही त्यानेच भरायचा. पण वकीलताई म्हणाल्या, "विमा असो वा नसो, दुरुस्तीची जबाबदारी बिल्डरचीच. ठेकेदाराशी त्याचं काय ते तो बघेल."

हे कळलं तेव्हा २०२३चा जून उजाडला होता. बहुतेकींचा ताबा ऑक्टोबरचा, म्हणजे हातात चारच महिने. आम्ही घराघरांतले फोटो काढले, ताबापत्रं गोळा केली आणि रजिस्टर पोस्टाने नोटीस धाडली.

अडचण आली ती तळमजल्यावरच्या आजींची. त्यांचा ताबा सगळ्यांच्या आधीचा, मार्चमधला. त्यांची पाच वर्षं उलटून गेली होती. आम्ही हळहळलो. आजी मात्र आत गेल्या आणि पिशवीतून एक कागद घेऊन आल्या. २०२१ सालीच त्यांनी नातवाकडून अर्ज लिहून घेतला होता, स्वतः ऑफिसात नेऊन दिला होता आणि आपल्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय तिथून उठल्या नव्हत्या. "शिक्का नसेल तर अर्ज दिला म्हणायचं कशाला?" त्या म्हणाल्या. आमचे दोन वर्षांचे फोन गेले हवेत, आजींचा एक कागद कामी आला.

महारेराकडे तक्रार गेली. ओल म्हणजे इमारतीच्या सांगाड्यातला दोष नव्हे, असं बिल्डरचं म्हणणं पडलं. पण कायद्यात कारागिरी आणि दर्जा हे शब्दही आहेतच. स्वखर्चाने दुरुस्ती करण्याचा आदेश झाला, आजींच्या घरासकट. आता बाहेरच्या भिंतींना परांची लागली आहे. भरपाईचं प्रकरण अजून चालू आहे.

तेव्हा मैत्रिणींनो, आज घरी गेल्यावर ताबापत्र काढा. त्यावरची तारीख बघा आणि पाच वर्षं मोजा. प्रत्येक घराची तारीख वेगळी असू शकते. ओल दिसली, भेग दिसली, तर फोनवर थांबू नका. कागदावर लिहा आणि पोच घ्या.